वाट्याला आलेला फोल्डर

खाली उंबराचा धवळा संपला आणि पुढचा लागलाच नाही.

मला वाटलं जावेला डुलकी लागली. मी वर तिसऱ्या मजल्यावर माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. नातीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ चढत होता, हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मग खालून चमचा वाजायला लागला. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांतून एकच पाण्याचा पाइप जातो. माझ्याशी काम असलं की जाऊ त्यावर चमचा वाजवते. एकदा वाजवला की ये. त्या दुपारी ती वाजवतच राहिली.

मी जिना उतरून गेले. जाऊ मशीनसमोर उभी होती. तिने स्पीकरकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. गळ्याला तिच्या भोक आहे. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती त्यातून श्वास घेते. आवाज गेला तो गेलाच. आधी ती गावची धवलारीण होती. आमच्यात लग्न लागायचं तर भटाच्या आधी धवलारीण लागते. मांडवाला, हळदीला, उंबराची फांदी आणताना, ज्या त्या विधीला ती म्हणते ती गाणी म्हणजे धवळे. ऑपरेशनच्या आधी तिच्या लेकीने तिचे सगळे धवळे तिच्या आवाजात रेकॉर्ड करून त्या मशीनवर ठेवले होते. जाऊ रोज जेवण झालं की ते लावून बसायची. पुढे नातीचं लग्न होतं. नात म्हणजे जावेच्या त्याच लेकीची मुलगी. नातीच्या हळदीला आजीला म्हणता येणार नव्हतं, म्हणून मांडवात हेच धवळे लावायचे ठरले होते.

मी मशीनच्या स्क्रीनवर पाहिलं. लिहिलं होतं, हा फोल्डर रिकामा आहे.

पुतणीला, म्हणजे जावेच्या त्याच लेकीला, फोन लावला. ती वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. हे मशीन, माझं मशीन, मधली वायर, सगळं तिनेच बसवलं होतं. फोन मी स्पीकरवर टाकला, कारण मला तसाच वापरता येतो.

"काकी, वायर निघालीय का बघ."

"वायर हाय जागेवर."

"मग तू काही पुसलंस का?"

"पुसलं. पण माझं पुसलं. तुझ्या आईचं नाही."

"तुझं म्हणजे कुठलं?"

"माझ्या शेअरमधलं."

तिच्या ऑफिसातला एसी की काय ते घरघरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "अगं काकी, शेअर तसा नसतो गं. ते एकच होतं."

जावेला आवाज नाही, कान आहेत. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि खाटेवर जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.

शेअर हा शब्द मी कॉम्प्युटरवर नाही शिकले. बिल्डरकडून शिकले. आमचं गाव आता डोंबिवलीत कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कुणाला सांगता येत नाही, पण आमच्या लग्नाच्या वेळी ते गाव होतं. भात होतं, खाडीच्या बाजूला खाजण, म्हणजे खारं पाणी शिरणारी जमीन, होती, सासऱ्याने तरुणपणी मिठागरावर काम केलेलं. पुढे बिल्डर आला. सासरा खाटेवर बसलेला, दोन्ही मुलगे जमिनीवर, आम्ही दोघी जावा दाराआड. बिल्डर म्हणाला, हा मोठ्याचा शेअर, हा धाकट्याचा शेअर. मोठ्याला, म्हणजे जावेच्या नवऱ्याला, रस्त्याकडचा तुकडा गेला. आम्हाला खाजण आलं. त्याच्या बदल्यात म्हणून आमचा फ्लॅट वरचा, त्यांचा खालचा, आणि त्यांना खाली दुकानाचा गाळा वेगळा. मी तेव्हापासून धरून आहे. नवरे दोघेही गेले, तरी मी धरून आहे. वाटा म्हणजे शेअर. एकदा वाटणी झाली की माझ्या तुकड्यावर मी भात लावीन नाही तर राब जाळीन, दुसऱ्याने विचारायचं नाही. आमच्याकडे शेअरचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नाही. शाळेत गेलेल्यांनाही नाही.

मी चौथी पास. जाऊ शाळेत गेलीच नाही. म्हणूनच पुतणीने माझ्याकडे काम दिलं. म्हणाली, "काकी, आईचे धवळे लिहून काढायला पाहिजेत. आवाज आहे तोवर ठीक, पण नव्या पोरींना म्हणायचे तर कागदावर पाहिजेत. आईला लिहिता येत नाही. तुला येतं. आणि तू तिच्या मागे म्हणायचीस, तुला ओळी कळतील."

हे खरं होतं. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागे बसलेली बाई ती उचलते. जावेच्या मागे मी बसायचे. माझा आवाज भाकरी करपल्यासारखा आहे, पण मागे चालून जातो. त्या रेकॉर्डिंगमध्येही मागे मी होते.

माझ्याकडे नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर होता. त्याला नवीन काही झेपेना, म्हणून पुतणीने त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनवर चालतं, असं तिने सांगितलं. वरची सगळी नावं मराठीत करून दिली. खालच्या मशीनपासून डक्टमधून वायर वर आणली. आता माझ्या मशीनला खालचं मशीन दिसायला पाहिजे, त्यासाठी एक प्रोग्राम टाकायचा राहिला होता, आणि तिच्या परतायची वेळ झाली. ती कल्याणला राहते, सासर तिकडचं. म्हणाली, राहिलेलं फोनवर सांगते.

फोनवरून प्रोग्राम टाकणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. काळी खिडकी उघडायची आणि त्यात इंग्रजीत हुकूम लिहायचा. माझ्या चौथीत इंग्रजी नव्हतं. आकडे ओळखते, बसच्या पाट्या आकाराने ओळखते.

"काकी, पहिलं अक्षर एस."

"कसा दिसतो सांग."

"साप. वळलेला."

"सापडला."

"आता यू. घोड्याचा नाल, तोंड वर."

"हां."

"डी. पोटुशी बाई."

"कुठल्या बाजूला पोट?"

"उजव्या. काकी, तू हसवतेस मला, इथे माणसं बघतात."

असं करत तो हुकूम पुरा केला. मग त्याने पासवर्ड मागितला. मी दाबत होते आणि स्क्रीनवर काहीच उमटत नव्हतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. मग चिडून पुतणीला म्हटलं की तुझ्या फुकटच्या मशीनचे दात पडलेत. ती म्हणाली, "उमटत नसतं काकी. मुद्दाम. मागून कुणी बघू नये म्हणून." घरात मी एकटी. मागे देवाचा फोटो. त्याच्यापासून काय लपवायचं? पण चौथ्या वेळी ते लागलं, आणि काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी धावत सुटल्या, जशा काही माझ्या हुकुमाची वाट बघत होत्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

"ह्याचं नाव काय?" मी विचारलं.

"सांबा."

"भोळा सांब?"

पुतणी म्हणाली तसंच समज. भोळाच आहे. जे मागशील ते देतो.

मग त्या सांबाला सांगायचं की खालचा फोल्डर माझ्या इथल्या एका रिकाम्या फोल्डरवर चढव. त्याला ती माऊंट म्हणायची. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा चढवायला लागायचं, आणि तो लांब हुकूम मी पाढ्यासारखा पाठ केला होता. सकाळी चहा ठेवायचा, हुकूम लिहायचा, चहा उतू जायचा. पुढे तिने ते आपोआप होईलसं केलं. त्या वेळी तिने मला नीट समजावलं होतं. हे मला लिहायला पाहिजे. ती म्हणाली होती, "काकी, तुझ्याकडे नुसतं दार आहे. खोली आईकडे आहे. दारातून तुला सगळं दिसतं, पण सामान तिथलंच." मी हो म्हटलं. डोक्यात मात्र घेतलं नाही, कारण त्या फोल्डरच्या चित्राखाली मराठीत शेअर लिहिलेलं होतं, आणि माझ्या मशीनवर होतं. माझ्या मशीनवर माझा शेअर. मला कुणी पुन्हा समजावायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट. पहिल्यांदा तिने मला फक्त वाचायची परवानगी दिली होती. म्हणजे धवळे ऐकायचे, उघडायचे, पण त्या फोल्डरमध्ये काही ठेवता येणार नाही, काही काढता येणार नाही. मी एक फाइल तिथे ठेवायला गेले तर मशीनने लिहिलं, परवानगी नाकारली. माझं डोकं गेलं. मी जिना उतरले आणि जावेच्या घरात, जावेसमोर, पुतणीला फोनवर सुनावलं.

"नुसतं बघायचं? हात लावायचा नाही? मी काय तुमची भाडेकरू?"

"काकी, चुकून काही होऊ नये म्हणून..."

"तुमच्या घराण्याची ही रीतच हाय. रस्त्याकडचं आपल्याला, खाजण धाकटीला."

जाऊ चपात्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं आणि फोनकडे हात केला, दे, दे, असा. देऊन टाक हिला, हवं ते देऊन टाक. पुतणीने त्या रविवारी येऊन मला पूर्ण परवानगी दिली. मी भांडून घेतली. ती परवानगी नसती तर त्या दुपारी मशीनने मला पुसू दिलंच नसतं, परवानगी नाकारली असं लिहिलं असतं आणि मी त्याला शिव्या घातल्या असत्या. बस, इतकंच झालं असतं.

तर त्या दुपारी असं झालं. नातीचा साखरपुड्याचा व्हिडिओ माझ्याकडे पेनड्राइव्हवर आला होता. मला तो शेअरमध्ये ठेवायचा होता, म्हणजे जाऊ खाली बघेल. हे बघा, दारातून खोलीत जातं हे मला ठेवताना बरोबर कळत होतं. पुसताना कळलं नाही. मशीन म्हणालं, जागा पुरत नाही. मी विचार केला, धवळे सगळे लिहून झालेत, माझं काम संपलंय. माझ्या वाट्यातले काढून टाकावेत. मूळ जावेच्या वाट्यात आहेतच. फोल्डर निवडला आणि काढा म्हटलं. एक चौकोन आला. त्यात लिहिलं होतं की हे कचराकुंडीत जाणार नाही, कायमचं जाईल, काढायचं का?

मराठीत लिहिलं होतं. इंग्रजीत असतं तर मी म्हटलं असतं, बाई, मला कुठे कळतं. मराठीत होतं, आणि मला वाचता येतं. मी वाचलं आणि हो दाबलं. सांबाने विचारलं होतं. भोळा तो नव्हता.

त्यानंतर व्हिडिओ टाकला. खाली तेव्हा उंबराचा धवळा चालू होता, तो चालूच राहिला. पुतणी नंतर म्हणाली की वाजायला लागलेली फाइल नाव पुसलं तरी बंद होईपर्यंत जिवंत असते. म्हणून तेवढा एक शेवटपर्यंत गेला. माझं नशीब असं की मी तो ऐकत होते आणि मागे गुणगुणतही होते.

पुतणी संध्याकाळी आली. खालचं मशीन बंद करून त्याची डिस्क काढली आणि पदरात घ्यावी तशी फडक्यात गुंडाळली. मी दारात उभी. मला आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"दुसरी कॉपी कुठे असेल ना गो?" मी विचारलं.

ती म्हणाली, "फोनमध्ये होती. फोन भरला म्हणून इथे हलवली. ऑफिसात प्रत्येकाच्या मागे लागते मी, दोन कॉपी ठेवा, तीन ठेवा. घरी म्हटलं, ठेवू सावकाश." मग म्हणाली, "तुझी एकटीची नाही चूक."

ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. मला वाटत होतं तिने ओरडावं. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते, शेजारी गोळा झाले असते.

डिस्क तिने ऑफिसात नेली, तिथल्या कुणाच्या मदतीने पुसलेलं शोधायचा प्रयत्न केला. पुसल्यावर लगेच थांबलं असतं तर बरंच परत मिळालं असतं. पण त्याच जागेवर मी साखरपुडा ओतला होता. नातीचा सगळा नाच, केक, फुगे आजीच्या आवाजावर जाऊन बसले होते. परत मिळालं ते तुकडे. एका धवळ्याची मधलीच ओळ. एकात नुसता माझा मागचा आवाज. आणि एक तुकडा स्वच्छ होता, त्यात धवळा नव्हता. दोन धवळ्यांच्या मध्ये जाऊ खोकली होती आणि मला म्हणाली होती, "पानी दे गो, घसा सुकला." मी म्हणाले होते, "पाणी म्हण, रेकॉर्ड होतंय." ती हसली होती. इथे तुकडा संपत होता.

पुतणीने हे आम्हा दोघींना खालीच ऐकवलं. जाऊ पुन्हा पुन्हा बोटाने खूण करायची, लाव. मी उठून गॅलरीत गेले.

आता मी लिहून काढलेलं तेवढं उरलं होतं. ते माझ्या स्वतःच्या मशीनवर वेगळं होतं म्हणून वाचलं. पुतणी म्हणाली, "काकी, हळदीला तू म्हण. शब्द आहेत तुझ्याकडे." मी म्हटलं माझा आवाज ठाऊक आहे ना तुला. ती म्हणाली, "दुसरा कुणाचा आहे?" गावात दुसऱ्या धवलारणी आहेत, पण प्रत्येकीचे धवळे वेगळे असतात. जावेचे तिच्या आईकडून आलेले होते आणि ते फक्त आम्हा दोघींना येत होते. त्यातल्या एकीला म्हणता येत नव्हतं.

मग दुपारी मी खाली जायला लागले. जाऊ हातात वाटी आणि चमचा घेऊन बसायची. बरोबर असलं की एकदा टण. चुकलं की चमचा वाटीच्या काठावरून खरवडायची. तो आवाज दातांत जातो.

पहिल्याच धवळ्याला तिने इतकं खरवडलं की मी कागद खाली ठेवला.

"काय चुकलं? शब्द तर हेच हायेत."

तिने कागदावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, तिने नुसतंच कुठेतरी ठेवलं. मग ओठ हलवले. मी बघत राहिले. आवाज नाही, गळ्यातून नुसती हवा. पुन्हा हलवले. पानी.

मी कागदावर पाणी लिहिलं होतं. डोला तिथे डोळा, फुलं माली तिथे फुले माळी. सगळीकडे. ऐकताना ती जे म्हणत होती ते मी लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं ते आमच्या शाळेतल्या बाईंना चाललं असतं असं. दुसरीत मी फळ्यासमोर पानी म्हटलं तर बाईंनी तळहातावर पट्टी मारली होती आणि वर्ग हसला होता. त्यानंतर मी कुणासमोर पानी म्हटलं नाही. नवऱ्यासमोरही नाही. आणि इतक्या वर्षांनी जावेच्या आईच्या तोंडचे धवळे मी त्या पट्टीच्या भीतीने धुऊन वाळत घातले होते. आवाज असता तर कुणीही ताडून बघितलं असतं. आवाज मी पुसला, आणि मागे ठेवलं ते हे.

मी पेन घेऊन बसले. ओळीमागून ओळ तिच्या ओठांवरून परत घेतली. ती दमायची, भोकावर फडकं धरून खोकायची. मग मी उठून पाणी द्यायचे. एकदा तिने पेला घेतला नाही. माझ्याकडे बघत बसली. मला कळलं काय पाहिजे ते.

"घे," मी म्हटलं. "पानी घे."

तिने घेतला. हसली की काय, हे भोक असलेल्या माणसाचं कळत नाही, खांदे हलले तेवढे.

हळद कल्याणला होती, पुतणीच्या घरासमोर मोकळ्या जागेत मांडव घातलेला. एका बाजूला डीजेवाले मोठाले डबे लावून तयार बसलेले, त्यांना कधी एकदा आम्ही संपवतो असं झालेलं. नात पाटावर. मी तिच्या मागे बसले, तिथे धवलारीण बसते. माझ्या शेजारी, जरा मागे, जाऊ, मांडीवर वाटी. म्हणजे आम्ही उलट बसलो होतो. पुढे मी, मागे ती.

मी सुरुवात केली. आवाज फाटला. पाहुण्यांतली एक म्हातारी, मुलाकडची, मोठ्याने म्हणाली, "ही कोण? धवलारीण तर दुसरी होती ना यांची?"

तिच्या बाजूची म्हणाली, "तिचा गला गेला. तिचा आवाज मशीनवर लावनार होते म्हनं."

"मग लावा ना! ही तर पत्रा खरवडतेय."

बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर. पुतणी हळदीचं ताट घेऊन उभी होती. ती चटकन म्हणाली, "लावणारच होतो मावशी. मशीन बिघडलं."

माझ्यासाठी तिने खोटं सांगितलं. मांडवात, मुलीच्या हळदीला. मला मान वर करता येईना. दोन ओळी मी तशाच म्हटल्या, मग मला ते गिळता येईना.

"मशीन नाही बिघडलं," मी म्हटलं. "चांगलं चालू होतं. मी पुसलं. वाचून पुसलं."

डीजेवालाही बघायला लागला. नात पाटावरून मागे वळली, तिच्या अर्ध्या गालाला हळद. म्हातारी म्हणाली, "आगो बाय!"

आणि जावेने वाटीवर चमचा असा आपटला की वाटी मांडीवरून पडली. मग खरवडलं. लांब, दात आंबेपर्यंत. म्हणजे मी धवळा मध्येच तोडला. धवळा तोडत नाहीत, अपशकुन असतो. तिला माझ्या कबुलीत काडीचाही रस नव्हता. तिने नातीकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. म्हण.

मी म्हटला. पानी म्हटलं, डोला म्हटलं, सगळं तिच्यासारखं म्हटलं, आवाज सोडून. एक ओळ आठवेना तेव्हा तिच्या ओठांकडे बघितलं. चमचा टण वाजत राहिला. चांगलं झालं असं कुणी म्हटलं नाही आणि ते झालंही नव्हतं. संपलं तसा डीजे सुरू झाला.

आता पुतणीने खाली दोन डिस्क बसवल्यात आणि तिसरी कॉपी तिच्या घरी असते. मला पुन्हा फक्त वाचायची परवानगी आहे. ती पूर्ण द्यायला तयार होती, मीच नको म्हटलं. मशीनवर आता माझ्या आवाजातले धवळे आहेत. प्रत्येक ओळीनंतर वाटी वाजते, काही ठिकाणी खरवडल्याचंही तसंच ठेवलंय. जाऊ ते कधी लावत नाही. ती तो एकच तुकडा लावते, पानी दे गो, घसा सुकला. दुपारी भांडी घासताना मला वर ऐकू येतो. तिचं वाक्य होतं, मग माझं येतं. ते ऐकू नये म्हणून मी नळ मोठा करते.

खाली राहते ती धवलारीण होती, माझी थोरली जाऊ. वर राहते ती मी, तिच्या मागे म्हणणारी. ही गोष्ट आम्हा दोघींची.